बाबांचा फास्ट चार्जर

आमच्या घरात एखाद्याचं भलं करायचं ठरलं की त्या माणसाने जीव मुठीत धरून बसावं. कारण सगळे मिळून भलं करतात, आणि प्रत्येक जण दुसऱ्याला न सांगता करतो. भाऊजींच्या मुलाखतीच्या दिवशी नेमकं तेच झालं.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. ते दात बनवतात. दाताच्या डॉक्टरांकडून ठसे येतात, त्यावरून हे कवळ्या आणि कॅप तयार करतात. हात असा की मूळचा दात कुठला आणि यांनी केलेला कुठला, हे तोंडाच्या मालकालाही सांगता येऊ नये. लहानपणी तापात त्यांचे दोन्ही कान गेले. बोलतात व्यवस्थित, समोरच्याच्या ओठांवरून बरंचसं ओळखतातही, पण स्क्रीनवर तीन माणसं बोलायला लागली की तिथे त्यांचं काही चालत नाही. याआधी दोन लॅबनी त्यांचं काम बघून तोंड भरून कौतुक केलं आणि कानांचं कळल्यावर 'कळवतो' म्हटलं. 'कळवतो'चा अर्थ कळायला कान लागत नाहीत. तिसऱ्या लॅबने मुलाखतीला बोलावलं तेव्हा भाऊजी मला म्हणाले होते की ही गेली तर आता कुठेही अर्ज करायचा नाही. ते उगाच बोलणाऱ्यांतले नाहीत, म्हणून मला ते फार लागलं.

मुलाखत ऑनलाइन होती. मी कोर्टात टायपिस्ट आहे. साक्षीदार बोलतो आणि माझी बोटं चालतात. तो काय बोलला हे मला पुष्कळदा चहाच्या सुट्टीत कळतं. म्हणून असं ठरलं की मी शेजारी बसून कानावर पडेल ते सगळं टाईप करायचं, भाऊजींनी समोरच्या मोठ्या स्क्रीनवर ते वाचायचं आणि तोंडाने उत्तर द्यायचं. बोललेलं आपोआप लिहून देणारं एक ॲप आम्ही करून पाहिलं होतं, पण त्याने पहिल्याच वाक्यात अशी मुक्ताफळं उधळली की भाऊजींनी हसून ते बंद केलं.

लॅपटॉप माझा. म्हातारा आहे, त्याची स्वतःची अर्धी बटणं दाबली तरी उठत नाहीत, चार्जरशिवाय फार वेळ तग धरत नाही, आणि त्याचं धड चालणारं पोर्ट एकच उरलंय. म्हणून नवऱ्याने मध्यंतरी एक हब आणला. चपटी डबी, तिच्या एका बाजूला भिंतीकडून चार्जर येतो आणि मोठा स्क्रीन, कीबोर्ड, कॅमेरा अशी सगळी प्रजा तिलाच लटकते. वीज आधी डबी घेते, मग तिचे पाहुणे घेतात, आणि लॅपटॉपच्या वाट्याला सगळ्यांची पानं उठल्यावर उरेल ते येतं. एक कमावणारा आणि खाणारं घरभर, असा तो संसार. कमावणारा दणकट असला तर कुणी उपाशी राहत नाही. आमचा जुना चार्जर तसा होता. काळा, जाडा, हातात धरला तर विटेएवढा.

सकाळी मी टेबल मांडून, सगळं नीट लावून आंघोळीला गेले. परत येते तर हबचं लग्नघर झालेलं. भाऊजींचा चेहरा उजळ दिसावा म्हणून नवरा कामावर जाता जाता एक गोल दिवा लावून गेला होता. त्यांना घाम येऊ नये म्हणून सासूबाईंनी छोटा पंखा आणून जोडला होता, आणि एक भोक रिकामं दिसलं म्हणून स्वतःचा फोनही. मी काही बोलणार तेवढ्यात कॉलची घंटी वाजली, स्क्रीनवर लॅबच्या प्रमुख बाई आणि दोन तंत्रज्ञ अवतरले, आणि मी कीबोर्ड ओढला.

सुरुवात छान झाली. कुठल्या मातीचे साचे, किती तापमानाची भट्टी, रंग कसा जुळवता. बाई विचारायच्या, मी टाईप करायचे, भाऊजी वाचून शांतपणे सांगायचे. कानांचं अर्जात लिहिलं होतं, पण कागदावर वाचणं वेगळं आणि समोर बसवणं वेगळं, हे मला त्या तिघांच्या चेहऱ्यांवरून समजत होतं. माझं टायपिंग होईपर्यंत मध्ये जी पोकळी पडायची, तिच्यात एक तंत्रज्ञ पेनाशी खेळायचा. त्याचं ते पेन काढून घ्यावं असं मला सारखं वाटत होतं.

मग माझं लक्ष बॅटरीकडे गेलं. चिन्ह चार्जिंगचं होतं आणि आकडा उतरत होता. आधी वाटलं माझीच नजर चुकतेय. थोड्या वेळाने पाहिलं तर आणखी खाली. दारात उभ्या सासूबाईंना मी मानेने भिंतीकडे खुणावलं. त्यांनी जाऊन प्लग घट्ट दाबला, बटण चालू असल्याची खात्री केली आणि सगळं ठीक असल्याचा हात केला. मला नवऱ्याचा राग आला, त्याच्या हबचा आला, दुकानदाराचाही आला. पण टायपिस्टला राग आला तरी बोटं थांबवता येत नाहीत. तेवढ्यात लॅपटॉपने बॅटरी संपत आल्याची ताकीद दिली. आता हे बंद पडणार, भाऊजी मख्ख बसून राहणार आणि ती माणसं परत 'कळवतो' म्हणणार.

आणि नेमकं तेव्हाच बाईंनी विचारलं, "काम हातात असताना काही बिघडलं, तर तुम्ही काय करता?"

मी टाईप केलं. कानावर पडलं ते पुढेही टाईप करत गेले, कारण सवय. भाऊजी ते वाचून एकदम माझ्याकडे वळले. मला कळेना. मी वर स्क्रीनकडे पाहिलं. बाईंच्या प्रश्नाखाली माझ्याच बोटांनी लिहिलं होतं: "अगं, तो जाडा चार्जर मी काढला. माझ्या फोनचा नवीन लावलाय. त्यावर फास्ट लिहिलंय म्हणून."

कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून बाबा सासूबाईंच्या कानात कुजबुजले होते. बाबा म्हणजे माझे सासरे. तो पांढरा, डबीएवढा चार्जर म्हणजे त्यांचा जीव की प्राण. घरात कुणालाही ते तो हात लावू देत नाहीत. मुलाच्या मुलाखतीसाठी त्यांनी तो काढून दिला होता. फोनला तो फास्टच होता बिचारा. पण एवढा मोठा लॅपटॉप, स्क्रीन, दिवा, पंखा आणि सासूबाईंचा फोन, एवढ्यांना पोसायचं त्याच्या अंगात कुठून येणार?

भाऊजींनी स्क्रीनकडे तोंड केलं आणि म्हणाले, "एक बिघाड आत्ताच झालाय. मला दोन मिनिटं द्या. दुरुस्त करतो आणि मग उत्तर देतो."

ते टेबलाखाली वाकले. पंखा काढला, दिवा काढला, फोन काढून आईच्या हातात दिला. मग जाड्या चार्जरसाठी मागे हात केला. मी कपाटाकडे धावणार होते, पण काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तसं झालं. बाबांनी तो वायर गुंडाळून मांडीवरच घेतला होता. भाऊजींनी पांढरा उपटला तशी हबने सगळ्यांचीच साथ सोडली. मोठा स्क्रीन काळा झाला, कीबोर्ड मेला. लॅपटॉप तेवढा मिणमिणत राहिला.

त्यातून बाईंचा आवाज आला. ते ऐकतायत ना, असं त्या विचारत होत्या. टाईप करायला कीबोर्ड नव्हता, म्हणून मीच पुढे झुकले. "ऐकत नाहीत, वाचतात. स्क्रीन येऊ द्या," मी म्हटलं. जरा फटकळपणेच म्हटलं.

भाऊजींनी जाडा चार्जर लावला. स्क्रीन उजळला. बाबांचं वाक्य जसंच्या तसं परत समोर आलं. बॅटरीचा आकडा थोडा वेळ जागीच घुटमळला आणि मग एकाने वर चढला. माझ्या स्वतःच्या निकालाला मला इतका आनंद झाला नव्हता. मी मोठ्याने श्वास सोडला आणि तेवढा एक टाईप केला नाही.

भाऊजी खुर्चीत बसले, कपाळ पुसलं, आणि उत्तर दिलं. दुखऱ्या दाताचा ठसा आला की मी आधी आजूबाजूचे दात बघतो, ते म्हणाले. बहुतेक वेळा एकट्यावर सगळ्यांचा भार पडलेला असतो. नको तिथला भार कमी केला आणि जिथे हवा तिथे आधार दिला की दात टिकतो. आत्ता इथेही तेच केलं.

तंत्रज्ञाने पेन खाली ठेवलं. चार्जर कुणी बदलला होता, असं बाईंनी विचारलं आणि भाऊजींनी सांगितलं तेव्हा तिघंही हसले, आणि ते हसणं चांगलं होतं. मग त्या तिघांचं आपसात काहीतरी झालं, बाई परत बोलायला लागल्या, मी टाईप करत राहिले. शेजारून भाऊजींचा आवाज आला, "हो, सोमवारी येतो." मी चमकून वर पाहिलं. स्क्रीनवर माझ्याच बोटांनी लिहिलं होतं: "आम्हाला तुम्ही हवे आहात. सोमवारी रुजू व्हाल?" ऐकू मला येतं, आणि नोकरी लागल्याचं मला त्यांच्याकडून कळलं.

कॉल संपला. सासूबाई डोळे पुसत होत्या. बाबा मात्र कोपऱ्यातून हलले नाहीत. आपला पांढरा चार्जर हातात घेऊन बसले होते. मग मला म्हणाले, "टाईप कर गं." आणि जपून, एकेक शब्द सोडत सांगितलं, "तुझं आज माझ्यामुळे वाटोळं झालं असतं. मला वाटलं, घरातलं सगळ्यात चांगलं तुला द्यावं."

मी टाईप केलं. भाऊजींनी वाचलं, दोनदा वाचलं असावं, कारण वेळ लागला. मग उठून बाबांच्या शेजारी जाऊन बसले. "द्या तो इकडे," ते म्हणाले. "सोमवारी डब्याच्या पिशवीत ठेवतो. माझ्या फोनला चालेल."

बाबांनी चार्जर त्यांच्या हातात ठेवला आणि वायर कशी गुंडाळायची तेही दाखवलं.