पालखीपुढची जीप

पोपटशेठ भोईर कुणावर उगाच संशय घेत नसत. आधी कारण शोधत, आणि कारण त्यांना सापडतंच असे. भाजीवाल्याने मागितल्याशिवाय जास्त कोथिंबीर घातली की ते जुडी सोडून आतून बघत. जावयाचा सकाळी सकाळी फोन आला की खुशाली ऐकता ऐकता याला नेमकं काय हवंय ते ताडत बसत. घोडबंदर रोडच्या आतल्या बाजूला, त्यांच्याच शेतावर उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये ते चौथ्या मजल्यावर राहायचे आणि धाकटा भाऊ भगवान सातव्या. भगवानने सातवाच मजला का निवडला, यावरही त्यांचं एक मत होतं आणि ते चांगलं नव्हतं.

अशा माणसाच्या बिल्डिंगखालून, गावदेवीची जत्रा तोंडावर आलेली असताना, जीप नाहीशी झाली. मग त्यांच्या डोक्याला चैन कुठून पडणार?

जीप त्यांच्या वडिलांनी मिठागराच्या दिवसांत घेतलेली. गावातली पहिली चारचाकी. दारं नाहीत, वर ताडपत्री, चारही चाकांना ताकद देणारा तो बुटका जास्तीचा दांडा, आणि सुरू केली की अख्ख्या आळीला कळावं असा आवाज. कागदावर ती भगवानच्या नावे होती, कारण घेतली त्या साली पोपटशेठनी बापाशी अबोला धरला होता. पण मान थोरल्याचा. जत्रेच्या दिवशी देवीचं छत्र जीपमध्ये, मागे खांद्यांवर पालखी, पुढे बँजो आणि नाचणारी पोरं, आणि मधोमध माणसाच्या चालीने सरकणारी जीप. वर्षभर कुणीही चालवो, त्या दिवशी स्टिअरिंगवर थोरला भोईरच बसायचा. शेत गेलं, मिठागर गेलं, गावाचे टॉवर झाले. पोपटशेठकडे लोकांनी मान वर करून बघावं असा वर्षातला तेवढा एकच दिवस उरला होता. तो हातचा जाऊ देण्याची त्यांची तयारी नव्हती.

गेल्या साली मात्र एक गोष्ट घडली होती. देवळापुढच्या चढावर जीप आचका देऊन बंद पडली आणि मागे घसरू लागली. मागे पालखी. छत्र धरून शेजारी बसलेल्या भगवानने हँडब्रेक खेचला म्हणून बरं, नाहीतर भोयांच्या पायांवर चाक गेलं असतं. कुणाला लागलं नाही. पोपटशेठनी तिथल्या तिथे मोठ्या आवाजात सांगून टाकलं, "इंजन दगा देतंय आता. म्हातारं झालंय." लोकांनी माना डोलावल्या आणि बँजो पुन्हा सुरू झाला.

दगा इंजिनाने दिलाच नव्हता. रक्तातल्या साखरेने पोपटशेठचा डावा पाय घोट्याखाली बधिर झाला होता. रस्त्यात चप्पल निसटली तरी चार पावलं गेल्यावर कळायचं. त्या दिवशी क्लचवरून पाऊल कधी घसरलं, ते त्यांना जीप बंद पडल्यावर समजलं. पण हे कुणाच्या बापाला ठाऊक नाही अशी त्यांची खात्री होती, आणि यंदा जरा जपून चालवायची, एवढंच त्यांनी ठरवलेलं.

आणि आता जीपच नाही.

"सर्विसिंगला टाकलीय, दादूस," भगवान लिफ्टपाशी म्हणाला.

"कुठं?"

"हाय एक गॅरेज."

माजिवड्याच्या नाक्यावर दगड मारला तर गॅरेजवाल्याला लागेल, आणि याला नाव सांगता येईना. शिवाय बोलताना भगवान लिफ्टच्या आकड्यांकडे बघत होता. पोपटशेठनी ते लक्षात ठेवलं.

एकदा मनाचं दार उघडलं की कारणांची रांग लागते. भगवानचा मुलगा नयन सहज म्हणून विचारून गेला, "मोठे पप्पा, पालखीपुढे तुम्ही जीप किती स्लो ठेवता?" याला कशाला हवंय? बायको हौसाबाई फोनवर कुणाशी तरी कुजबुजत होती, ते आत येताच "बरं, ठेवते" म्हणाली. त्याच हौसाबाईने न मागता त्यांच्यासाठी मागे पट्टा असलेल्या सँडल आणल्या.

"या कोनी सांगितल्या आनायला?" त्यांनी विचारलं.

"सेल व्हता," ती म्हणाली आणि भाकरी थापायला लागली. तिने उभ्या जन्मात कधी सेल बघून खरेदी केली नव्हती.

पोपटशेठना सगळं स्पष्ट दिसू लागलं. नयनला स्टिअरिंगवर बसवायचं चाललंय. घर फितूर आहे.

कुंडलिकने त्यावर शिक्कामोर्तब केलं. हा गावातलाच, कल्याणच्या बाजूला पाण्याचे टँकर चालवणारा. देवळापाशी भेटला आणि म्हणाला, "तुमची जीप आंबिवलीला बगितली ओ. बोनेट उघडं, नि आत इंजनच नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी पोपटशेठ घरात "कल्याणला एक पत्रिका द्यायचीय" असं सांगून टॅक्सीत बसले. पत्रिका कुणाची, हे हौसाबाईने विचारलं नाही, याचंही त्यांना वाईटच वाटलं. कोनगाव, दुर्गाडी, शहाड करत टॅक्सी आंबिवलीत शिरली आणि कुंडलिकने सांगितलेल्या खुणेवर, स्टेशनापासून थोडं आत, पत्र्याच्या शेडपुढे थांबली.

जीप तिथेच होती. बोनेट उघडं, पण आता आत इंजिन होतं. ते त्यांचं नव्हतं. काळंशार, पाइपांनी वेढलेलं, बाजूला शंखासारखं काहीतरी वळलेलं. त्यांचं जुनं इंजिन कोपऱ्यात एका टायरवर ठेवलेलं होतं. आयुष्यभर आत बघितलेली वस्तू अशी बाहेर बसलेली बघून त्यांनी नजर दुसरीकडे वळवली.

ओळख द्यायची नाही असं त्यांनी येतानाच ठरवलं होतं. गॅरेजवाला प्रीतम, तिशीतला, चिंधीने हात पुसत पुढे आला. त्यांनी गिऱ्हाइकाच्या सुरात विचारलं, "ही कुनाची जीप?"

"ठाण्याच्या शेठची. टर्बो डिझेल टाकलंय काका. एक एसयूव्ही मागून ठोकलेली, तिचं उचललं. आरटीओची परमिशन वगैरे सगळं काढून. आता घाटात पण मागे बघायची नाही."

"जुनं बिघडलं व्हतं?"

"कुठे ओ! मख्खन होतं एकदम." प्रीतमला विषय मनापासून लागलेला दिसला. "मी बोललेलो शेठला, असं इंजिन काढू नका, आता मिळत नाही. ते ऐकेनात. बोलले, आमचा मोठा भाऊ बोललाय ना इंजिन खराब आहे, मग ते खराब आहे. विषय बंद."

पोपटशेठची कानशिलं तापली. म्हणजे त्यांचाच शब्द घेऊन त्यांच्याच मुळावर घाव. उद्या गावात विचारलं तर भगवान हात झटकून मोकळा, दादूसच बोलला इंजिन बदला म्हणून. हा आपला धाकटा भाऊ, ज्याला आपण खांद्यावर बसवून जत्रा दाखवली.

प्रीतमला फोन आला आणि तो बोलत बाहेर गेला. पोपटशेठ जीपमध्ये चढून चालकाच्या जागेवर बसले. सीट तीच होती, स्टिअरिंगही तेच, वडिलांच्या हातांनी गुळगुळीत झालेलं. हात ठेवल्यावर जरा बरं वाटलं. मग सवयीने डावा पाय पुढे गेला.

क्लच लागेना.

त्यांना घाम फुटला. पाय आता इतका गेला, की पेडलवर टेकलाय की नाही तेही कळू नये? त्यांनी पाऊल इकडे सरकवलं, तिकडे सरकवलं. काहीच कळेना. शेवटी पोट दाबून खाली वाकले आणि बघितलं. पाय जसा होता तसाच होता. पेडलच नव्हतं. जिथे तीन असायची तिथे दोन होती.

मग मात्र त्यांना कोडं सुटल्यासारखं झालं. थोरल्याला जीपवरून उतर म्हणायची भगवानची छाती नाही, म्हणून जीपच अशी करून टाकली की थोरल्याला ती चालवताच येऊ नये. चार माणसांत हा चढणार, क्लच शोधणार, हसं होणार, आणि "राहू द्या मोठे पप्पा" म्हणत नयन पुढे येणार. पोपटशेठनी आजवर पुष्कळ संशय घेतले होते, पण एवढा घट्ट बसलेला एकही नव्हता.

त्यांनी भगवानला फोन लावला. "आंबिवलीला ये. आत्ता."

पलीकडून भगवान म्हणाला, "येतो. तू चालवू नको, थांब."

चालवू नको! पोपटशेठ सीटवरून उतरले नाहीत. प्रीतमने चहा आणला, तोही घेतला नाही. हा माणूस त्या भगवानचा भाऊ, हे प्रीतमच्या ध्यानात आलं होतं. तो गप्प दुसऱ्या गाडीखाली कामाला शिरला.

भगवान आला तेव्हा शर्ट घामाने पाठीला चिकटलेला होता. तो जीपपाशी येऊन उभा राहिला.

"क्लच कुठाय?" पोपटशेठनी विचारलं.

"नाय."

"नाय म्हंजे?"

"ऑटोमॅटिक हाय. गिअर आपोआप पडतात. क्लच लागतच नाय." भगवान जुन्या इंजिनाकडे बघत बोलत होता. "डाव्या पायाला कामच नाय, दादूस. सगलं उजव्यानं."

शेडमध्ये हवा भरायचा पंप धडधडत होता, तो तेवढ्यात थांबला.

पोपटशेठनी भावाकडे बघितलं. मग त्यांना तो चढ आठवला. भगवान शेजारच्या सीटवर होता, हातभर अंतरावर, आणि हँडब्रेक खेचायला खाली वाकला होता. वाकला म्हणजे त्याच्या डोळ्यांपुढे काय आलं असेल? पेडलं. पेडलं आणि क्लचवरून घसरलेलं ते पाऊल. वर येऊन भगवानने एक अक्षर काढलं नव्हतं. आपण इंजिनाला शिव्या घातल्या तेव्हा हा मान डोलावणाऱ्यांत पहिला होता.

आणि पट्ट्याच्या सँडल. आणि फोनवरची कुजबुज. आणि नयनचा प्रश्न, जीप किती हळू चालायला हवी, कारण नवं इंजिन तेवढंच हळू चालवून घ्यायचं होतं. घर फितूरच होतं, फक्त त्यांच्या बाजूने.

"मना सांगितलं का नाय?"

"सांगून तू बसला असतास हिच्यात?"

पोपटशेठना उत्तर ठाऊक होतं. बसले नसते. पाय चांगला आहे म्हणून भांडले असते आणि यंदा पुन्हा क्लचवर पाऊल ठेवून पालखीपुढे उभे राहिले असते. त्यांना लाज वाटली. साठी उलटल्यावर, डोळ्यांदेखत लहानाच्या मोठ्या झालेल्या माणसापुढे लाज वाटणं फार जड जातं. डोळे भरून आले तेव्हा त्यांनी ताडपत्रीच्या शिवणीकडे बघितलं.

"आनि बाबांच्या जीपला एवडी कापलीस?" ते म्हणाले, काहीतरी म्हणायला हवं म्हणून.

"तूच बोललास ना, इंजन दगा देतंय. मंग बदललं." भगवान वळसा घालून आला आणि शेजारच्या सीटवर बसला. गेल्या साली बसला होता तसाच. "चल. बग तरी कशी चालते."

प्रीतमने बोनेट पाडलं. पोपटशेठनी चावी फिरवली तर आळीला कळण्यासारखं काही झालंच नाही, नुसती एक घुरघुर. गिअरचा दांडा खाली ओढला, ब्रेकवरून उजवा पाय उचलला, आणि जीप आपली आपण, माणसाच्या चालीने सरकू लागली. एक म्हातारी पिशवी घेऊन पुढे चालली होती. पोपटशेठ तिच्या मागून तिच्याच चालीने गेले. तिला मागे जीप आहे हे कळलंदेखील नाही.

पुढे रेल्वेच्या पुलाचा चढ होता. मधोमध आल्यावर त्यांनी मुद्दाम जीप थांबवली. मागे रिक्षावाला हॉर्न मारायला लागला. भगवानचा हात हँडब्रेकपाशी गेला आणि तिथेच थांबला. पोपटशेठनी ब्रेक सोडला. जीप मागे आली नाही. क्षणभर जागेवर राहिली आणि सावकाश वर चढली. डावा पाय नव्या सँडलमध्ये, पट्टा लावून, निवांत पडून होता.

भगवानने हात मांडीवर घेतला.

परत आले तेव्हा प्रीतम जुन्या इंजिनापाशी उभा होता. "शेठ, हे काय करू? भंगारवाला येतोय दुपारी."

"देऊन टाक," भगवान म्हणाला. "खराबच व्हतं ते." प्रीतमने त्याच्याकडे बघितलं, पण भगवानचा चेहरा सरळ होता. इथवर येऊनही त्याने थोरल्याचा शब्द खाली पडू दिला नव्हता.

पोपटशेठ जीपमधून उतरले. टायरवरच्या इंजिनापाशी गेले आणि त्याच्यावर हात ठेवला. तेलकट होतं, थंड होतं.

"भंगारात नाय द्यायचं," ते म्हणाले. "ह्याची काय चूक नव्हती."

भगवानने थोरल्याकडे एकदा नीट बघितलं. मग प्रीतमकडे वळून म्हणाला, "एक टेम्पो सांग. घरी न्यायचंय."