मैनेसाठी चार ओळी

मैना उभी राहून धडा वाचत होती आणि चौथीचा वर्ग नेहमीसारखा गप्प बसून ऐकत होता. तिचं वाचन ऐकण्यासारखंच होतं. अडखळणं नाही की चाचरणं नाही. प्रश्न आला की आवाज वर चढायचा, गोष्टीतली म्हातारी बोलायला लागली की बारीक व्हायचा. म्हणून तर हेडसरांनी तिला मैना हे नाव ठेवलं होतं आणि ते शाळाभर झालं होतं.

बाई बाकांमधून फिरत तिच्या मागे आल्या. त्यांनी सहज पुस्तकात डोकावलं आणि त्या तिथेच थबकल्या. पुस्तकाची मधली दोन पानं काहीतरी सांडून एकमेकांना घट्ट चिकटली होती, आणि मैना त्या चिकटलेल्या पानांच्या आतलं घडाघडा वाचत होती.

“छान. बस,” बाई एवढंच म्हणाल्या.

मुलं त्यांना पाठीमागे सावकाशबाई म्हणत. ‘सावकाश, गाडी सुटत नाहीये,’ हे त्यांचं पालुपद होतं. चौथीला शिकवता शिकवता केस पिकले होते. कुठला पुरस्कार नाही, कुणाची तक्रार नाही. आता निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती.

दुपारी त्यांनी त्याच धड्यातले शब्द फळ्यावर उलटसुलट लिहिले. वल्हं, काठ, नावाडी, भोवरा. एकेका मुलानं एकेक वाचला. मैनेची पाळी आली. तिनं फळ्याकडे पाहिलं, मग बाईंच्या तोंडाकडे पाहिलं.

“बाई, पाणी पिऊन येऊ?”

ती परत आली तेव्हा तास संपला होता.

शाळा सुटल्यावर बाईंनी तिला वह्या रचायला म्हणून थांबवून घेतलं. वर्ग रिकामा झाल्यावर हळूच विचारलं, “कधीपासून गं?”

मैना वह्यांकडे बघत म्हणाली, “दुसरीपासून. ताई संध्याकाळी मोठ्यानं वाचून दाखवते. एकदोनदा ऐकलं की मला येतं.” आणि जरा ऐटीतच पुढे म्हणाली, “सगळी पुस्तकं येतात, बाई. पहिलीचंसुद्धा.”

“आणि अक्षरं?”

“क येतो. म येतो. काना कळतो. पण दोन अक्षरं एकमेकांत घुसली की सगळा गिचमिडकाला होतो.”

“लिहितेस कशी मग?”

“बघून. चित्र काढतात तशी.” मग तिचा चेहरा पडला. “आईला सांगू नका ना.”

“सांगावं लागेल, बाळा. ताई नर्सिंगला चाललीये ना? मग तुला वाचून कोण दाखवणार?”

मैनेनं हातातली वही दुसऱ्या वहीवर नीट बसवली, पुन्हा उचलली, पुन्हा बसवली.

मैनेची आई शिवणकाम करायची. घराच्या पुढच्या खोलीतच दुकान होतं. बाई गेल्या तेव्हा मशीन चालू होतं आणि एक गिऱ्हाईक बाई मापाला उभी होती. बाईंनी होता होईल तेवढं सौम्यपणे सांगितलं. आईनं मशीन थांबवलं.

“वाचता येत नाही? हिला? ये गं इकडे, वाचून दाखव बाईंना.”

मैनेनं पुस्तक उघडलं आणि वाचलं. सुरेख वाचलं. गिऱ्हाईक बाई तर मान डोलवायला लागली.

“वाचतेय की!” आई म्हणाली.

“तिनं न ऐकलेलं काहीतरी द्या. एखादं वर्तमानपत्र...”

“बाई,” आईनं पुस्तक मिटलं, “बाप गेल्यापासून या घरात चांगलं म्हणावं असं एवढंच घडलंय. तेही बघवत नाही का कुणाला?” आणि मशीन पुन्हा खडखडायला लागलं.

वाचनाची आंतरशालेय स्पर्धा तोंडावर आली होती. हेडसरांनी बाईंना बोलावून घेतलं.

“मैनेला पाठवायचंय. उतारा आधी मिळतो, नियमातच आहे.”

“सर, तिला वाचता येत नाही.”

सर हसले. बाई हसत नाहीत हे पाहून थांबले. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले, “पण ऐकणाऱ्याला काय फरक पडतो?”

“ऐकणाऱ्याला नाही पडत.”

“बाई, दोन वर्षं राहिलीत. सुखानं काढा. कशाला वाकड्यात शिरता?”

“मी नाही नेणार तिला, सर.”

दुसऱ्या बाई घेऊन गेल्या. मैना पहिली आली. कप दुकानाच्या काचेत, दोऱ्याच्या रिळांच्या मधोमध विराजमान झाला. बाई त्या रस्त्यानं जात तेव्हा मैना त्यांना पाहून आत पळायची.

पुढच्याच महिन्यात ताई नर्सिंगला गेली. तिकडे सुरुवातीला फोन काढून घेत, फक्त रविवारी ऑफिसातून बोलता येई. म्हणून तिनं पहिल्याच आठवड्यात घरी पत्र टाकलं. आईनं दुकानातल्या बायकांना थांबवलं आणि पाकीट मैनेच्या हातात दिलं.

“वाच. मोठ्यानं वाच.”

मैनेनं कागद उलगडला. ताईचं अक्षर बारीक होतं आणि ओळी भरगच्च. क दिसत होता, म दिसत होता. बायका वाट बघत होत्या. मग मैनेनं मान ताठ केली आणि सुरू केलं. “तीर्थरूप आईस साष्टांग नमस्कार. मी इकडे खुशाल आहे. तुमची खुशाली कळवावी. इथली हवा फार चांगली आहे...” तिसरीच्या पुस्तकातलं अख्खं पत्र तिनं म्हणून दाखवलं, शेवटच्या ‘आपली आज्ञाधारक’पर्यंत. आईनं डोळे पुसले. एक बाई म्हणाली, “किती वळणाचं लिहिलंय पोरीनं!”

ताईनं प्रत्यक्षात लिहिलं होतं, की शाळा सोडल्याचा मूळ दाखला शनिवारच्या आत इथे पोचला पाहिजे, नाहीतर माझं नाव काढतील.

रविवारी तिचा फोन आला. ती रडतच होती. “आई, दाखला का नाही पाठवलास?”

“कुठला दाखला?”

आईनं दुकानाला कुलूप घातलं, दाखला पिशवीत टाकला आणि मिळेल ती गाडी पकडली. नाव काढलेलं होतं. तिथल्या साहेबांच्या दाराशी ती दिवसभर उभी राहिली, तेव्हा कुठे ते पुन्हा लिहिलं गेलं.

परत आल्यावर ती तडक शाळेत आली, एका हातात मैनेचं मनगट आणि दुसऱ्या हातात ते पत्र घेऊन.

“वाचा, बाई. काय लिहिलंय?”

बाईंनी वाचून दाखवलं. आई शेवटपर्यंत उभी राहून ऐकत होती.

“आणि हिनं मला सांगितलं, हवा चांगली आहे.” ती बाकावर बसली. “मला आकडे वाचता येतात, बाई. मापं लिहिता येतात. बाकी काही नाही. म्हटलं, आपलं अडतंय कुठे, घरात दोघी वाचणाऱ्या आहेत.” तिनं मैनेचं मनगट सोडलं. “आता काय करायचं?”

“पहिल्या अक्षरापासून सुरुवात.”

“म्हणजे सगळं उसवायचं.”

“सगळं.”

“दुकानात कप आहे हो तो.”

“असू दे की. कपानं काय घोडं मारलंय?”

आई हसली नाही, पण उठताना तिनं मैनेच्या डोक्यावरून हात फिरवला.

शाळेच्या मागच्या अंगाला नकाशे आणि मोडकी बाकं ठेवायची खोली होती. मधल्या सुट्टीनंतरचा खेळाचा तास बाईंनी तिथे मागून घेतला. हेडसर म्हणाले, “तुमची मर्जी,” आणि पुन्हा कागदात डोकं घातलं.

पण पहिल्याच दिवशी पंचाईत झाली. कुठलंही पुस्तक उघडावं तर मैनेला ते पाठ! पहिलं वाक्य कसंबसं लावलं की पुढचं तोंडातून आपोआप बाहेर पडायचं आणि डोळे खिडकीबाहेर. बाईंच्या लक्षात आलं, हिला असं काहीतरी द्यायला हवं जे अजून कुणी लिहिलेलं नाही.

घरी त्या कागद घेऊन बसल्या. साऱ्या जन्मात त्यांनी शेऱ्यांपलीकडे काही लिहिलं नव्हतं. यजमान बसवर ड्रायव्हर होते, आता निवृत्त होऊन घरात वाहतूक नियंत्रण करत.

“अहो, काहीतरी सुचवा ना.”

“माझ्यावर लिही.”

“तुमच्यावर काय लिहायचं?”

“का? मी काय कमी माणूस आहे?”

दुसऱ्या दिवशी मैनेच्या पुढ्यात चार ओळी आल्या. बोट ठेवून, एकेक अक्षर फोडून, काना, मात्रा, वेलांटी लावत ती निघाली. ‘आमचे हे रोज घोरतात.’ यालाच निम्मा तास गेला. ‘हे घोरायला लागले की मांजर घराबाहेर जातं.’ कपाळावर घाम आला. ‘सकाळी हे मला विचारतात.’ मग शेवटची ओळ. ‘काल... मां... मांज... मांजर... कुठे... गेलं... होतं.’

मैना क्षणभर कागदाकडे बघत राहिली आणि फस्सकन हसली.

बाईंनी तोंड वळवून नकाशांची धूळ झटकली. या गोष्टीत कुठे हसायचं, हे तिला कुणी वाचून दाखवलेलं नव्हतं.

मग हे रोजचंच झालं. संध्याकाळी यजमान विचारत, “आज काय केलं मी?”

“दुधाचं पातेलं जाळलंत.”

“ते कशाला लिहितेस!”

“नाहीच लिहिणार. त्यात जोडाक्षर नाही. तिला आता जोडाक्षरं हवीयेत.”

“मग जोडाक्षरासाठी करू तरी काय?”

“चष्मा हरवा.”

त्यांनी तो खरोखरच हरवला, आणि कप्पा न् कप्पा, रस्ता न् रस्ता शोधायला तीन दिवस गेले. मैनेला ष्मा, प्पा, स्ता सगळं त्यात मिळालं. नवा शब्द आला की ती अडून बसायची. “पुटपुटणं म्हणजे?” बाई पुटपुटून दाखवत. “आणि कुरकुरणं?” तेही दाखवत. “खेकसणं?” बाई अशा खेकसल्या की शिपाई दारात येऊन उभा राहिला. मग मैनेनं तिन्ही आपल्या आवाजात करून पाहिली आणि जाहीर केलं, “तुमचे हे कुरकुरतात. आई खेकसते. हेडसर नुसतं पुटपुटतात.”

वर्गात मात्र तिचे हाल झाले. आता ती खरंच वाचायची, म्हणजे रखडत वाचायची. “मैनेचा आवाज बसला!” कुणीतरी ओरडलं आणि वर्ग हसला. हेडसर पाहुण्यांना घेऊन आले की दुसऱ्याच मुलाला उभं करत. एकदा ती खोलीत आली आणि तिनं कागद ढकलून दिला.

“मला नाही यायचं इथे. आधी मला सगळं येत होतं.”

“काय येत होतं?”

मैना रडायला लागली. बाई शेजारी बसून राहिल्या. समजूत घातली नाही, जवळही घेतलं नाही. हुंदके ओसरल्यावर कागद परत तिच्या पुढ्यात सरकवला.

“झालं रडून? मग तिसरी ओळ.”

तिनं नाक पुसलं आणि तिसरी ओळ वाचली.

काही दिवसांनी दोन मुलं कुणी न बोलावता त्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली, मैनेला हसण्यात पुढे असलेलीच. एक म्हणाला, “आम्हालापण ते मांजराचं द्या ना.” बाईंनी मोडक्यातलं त्यातल्या त्यात धड बाक ओढलं.

वर्ष सरत आलं तेव्हा वर्गात पत्रलेखन सुरू झालं. मुलं पुस्तकातला नमुना वहीत उतरवत होती. मैनेनं हात वर केला.

“बाई, मला ताईला लिहायचंय. हे नको, खरं.”

“लिही ना.”

शाळा सुटल्यावर ती मागच्या बाकावर बसली. बाई टेबलापाशी वह्या तपासत होत्या. बराच वेळ नुसती पेन्सिल कुरकुरत होती. मग आवाज आला, “बाई, स्पर्धा कसं लिहितात?”

बाईंनी उठून फळ्यावर लिहिलं. स्पर्धा.

थोड्या वेळानं, “घाबरले?” बाईंनी लिहिलं. मग, “निरर्थक?” हा शब्द हिनं कुठून उचलला, हे बाईंना कळेना. त्यांनी लिहिला. मग अगदी हळू आवाजात, “क्षमा.” त्याच्याखाली, “स्वतः.”

कागद दोन्ही बाजूंनी भरला तेव्हा बाई सवयीनं लाल पेन घेऊन तिच्या बाकापाशी गेल्या.

“आण, ऱ्हस्व-दीर्घ बघून देते.”

मैनेनं कागदावर दोन्ही हात पसरले.

“बाई, हे ताईचं आहे.”

बोटांच्या फटीतून एक शब्द दिसत होता. वेलांटी चुकीच्या बाजूला पडली होती. बाईंनी पेनाला टोपण लावलं.

“बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “पत्ता तेवढा ठळक काढ.”

तिनं पत्ता काढला. पाकीट बंद केलं, दप्तरात न ठेवता हातातच धरलं आणि निघाली. पटांगणातून जाताना दिसली तेव्हा पाकिटावरचं स्वतःचंच अक्षर वाचत चालली होती.

बाई वर्गात परत वळल्या. फळ्यावर ते पाच शब्द एकाखाली एक उभे होते. मधल्या जागा भरून पत्र ओळखायला फारसा वेळ लागला नसता. बाईंनी डस्टर उचललं आणि वरच्या शब्दापासून फळा पुसायला घेतला, काळजीपूर्वक, कानाकोपऱ्यासकट, मागे खडूची एकही रेघ राहणार नाही असा.