बाबांची फाइल

विद्यापीठाची नवी स्टाइल फाइल, म्हणजे प्रबंधाच्या मांडणीचा साचा, मी सकाळपासून पुन्हापुन्हा बसवत होते आणि प्रबंध जुन्याच रूपात बाहेर पडत होता. त्यातलं आभाराचं पान पाहिलं की माझं डोकं फिरायचं. ‘प्राध्यापक अकिनदेले आणि त्यांच्या सुविद्य पत्नी यांच्या आशीर्वादानेच हे कार्य सिद्धीस गेले.’ हे मी लिहिलेलं नव्हतं. जुनी फाइलच ते वाक्य आपणहून छापायची आणि माझं पान गिळून टाकायची.

माझ्या पानावर एकच नाव होतं, डॉ. एफुनये. माझी प्रत्येक सिद्धता त्या बाईंनी तपासली, अंथरुणाला खिळल्यावरसुद्धा. गेल्या पावसाळ्यात त्या गेल्या. आणि माझे मार्गदर्शक म्हणवणाऱ्या अकिनदेले सरांनी मला काय दिलं? तपासायला त्यांच्या वर्गाचे पेपर!

दुपारी कार्यालय बंद होणार होतं. आज प्रबंध गेला नाही तर पदवी पुढच्या वर्षावर गेली.

आमचा सीनियर बोलाहान मागून डोकावला. “मोरेनिके, अगं तुझ्या फोल्डरमध्ये बाबांची फाइल तशीच आहे की! ती आहे तोवर मशीन तीच उचलणार. नवी कुठेही बसव, काय उपयोग?”

अकिनदेले सरांना आम्ही सगळे बाबा म्हणतो. त्यांचा प्रत्येक विद्यार्थी सीनियरचं अख्खं फोल्डर घेतो आणि मजकूर तेवढा बदलतो. मीही बोलाहानचंच घेतलं होतं.

“मग काढते ती.”

“वेड लागलंय? बाबांची फाइल आजवर कोणी काढलेली नाही. सही करतील का ते?”

“दादा, तुझ्या प्रबंधात त्यांच्या बायकोचे आभार आहेत. भेटलायस कधी तिला?”

“त्यांच्या मुलीच्या लग्नात जोलोफ भात खाल्लाय ना!”

मी फाइल उडवली. डॉ. एफुनयेंचं पान आलं. जनरेटर बंद पडायच्या आत मी सगळं छापून घेतलं.

सरांच्या खोलीत गेले तेव्हा ते फोनवर बोलत होते. बोलता बोलताच त्यांनी सहीचं पान शोधलं, सही ठोकली आणि गठ्ठा माझ्याकडे सरकवला. दुसरं एक पान उलटलं नाही. मी भांडणाची तयारी करून आले होते, ती सगळी वायाच गेली. एक बाई मरता मरता माझ्या चुका शोधत होती आणि या माणसाला माझ्या प्रबंधाचं नावसुद्धा ठाऊक नव्हतं.

“झालं ना?” फोनवर हात ठेवून सर म्हणाले. “मिसेसना सांगतो हं, तू आभार मानलेस म्हणून.”

सही झाली होती. गुपचूप निघून जाता आलं असतं. मी आभाराचं पान उघडून त्यांच्यासमोर ठेवलं.

“नाही मानलेले, सर. फोन ठेवा आणि वाचा.”

मी बाईंच्या नावाखाली बोट ठेवलं आणि सरांनी ते वाचेपर्यंत उचललं नाही.