न दिसलेले ठिपके

१९७४ च्या फेब्रुवारीत सोलापूरच्या एका प्रयोगशाळेत शिवयोगी हा तंत्रज्ञ सकाळपासून एकाच मेंदूच्या सहा काचपट्ट्या सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा पुन्हा पाहत होता. मेंदू मंद्रूपच्या एका भटक्या कुत्र्याचा. ते तिथल्याच नीलम्माला चावले होते. तिच्या नवऱ्याने, बसप्पाने, त्याचे डोके बर्फात घालून तुपाच्या डब्यातून आणून दिले होते. सहाही पट्ट्यांत पिसाळण्याच्या रोगाची खूण नव्हती.

दोघं दारातच उभी होती. पोटातल्या चौदा इंजेक्शनांपैकी पाच झाली होती आणि नीलम्माला लुगड्याची गाठसुद्धा सोसवत नव्हती.

"काय न्हाय म्हंजे सुटले की!" निकाल ऐकताच ती म्हणाली. "ज्वारी काढायला आलीया. आता सुई नगं."

"थांबा जरा. हितं डोळा लावा." शिवयोगीने दुसऱ्या, पिसाळून मेलेल्या कुत्र्याची जुनी पट्टी लावली. "जांभळ्या पेशीत लाल ठिपका दिसतोय?"

"व्हय. कुंकवावानी."

"विषाणूला एकट्याला काही जमत नाही. तो पेशीत शिरतो, तिचंच सामान घेतो, तिलाच राबवतो आणि आत आपला कारखाना मांडतो. तिथं त्याच्यासारखे आणखी तयार होतात. तो हा ठिपका."

"दुसऱ्याच्या घरात चूल मांडून घरच्यांनाच राबवायचं? लई निर्लज्ज हाय!" नीलम्माने डोळा काढला. "पर आमच्या कुत्र्यात न्हाय की."

"तुमचं कुत्रं मारलं कधी?"

"चावल्या चावल्या!" बसप्पा म्हणाला. "दुसरा घाव लागला न्हाय."

"तिथंच घोळ झाला. ठिपका दिसण्याएवढा व्हायला वेळ लागतो. त्याआधीच लाळेतून रोग जाऊ शकतो. दहा दिवस बांधून ठेवलं असतं, तर ते पिसाळतंय की धडधाकट राहतंय, यावरूनच कळलं असतं. आता ठिपका नाही म्हणून रोग नव्हता, असं मला म्हणता येत नाही."

बसप्पाचा चेहरा उतरला. "तुज्यासाठीच मारलं गं."

"ठावं हाय. काठी हातात आली की तुमाला दम कुटं निघतोय?" मग ती शिवयोगीकडे वळली. "दादा, तुमची बायकू असती तर?"

"ओढत नेली असती."

शिवयोगीने अहवालात 'ठिपके आढळले नाहीत' असे लिहिले. त्याखाली आणखी एक ओळ घातली, 'कुत्रे लवकर मारले गेले. इंजेक्शने थांबवू नयेत', आणि तो डॉक्टरांची सही घ्यायला निघाला.

इंजेक्शनच्या खोलीशी नीलम्माने नवऱ्याला अडवले.

"तुमी भाईरच थांबा. हात धरलासा की मला रडू येतंय."