खेचर हलेना

मी खेचर बोलतोय. ऑल्डरफोर्डचा कालवा बुजवायला निघाले होते, तो मी वाचवला. एकट्यानं. आता एकट्यानं म्हणजे नेमकं काय केलं असं विचाराल, तर मी उभा राहिलो. भलत्या जागी, भलत्या वेळी उभा राहिलो आणि हललो नाही. पण कालवा वाचला की नाही? मग झालं तर!

माझं नाव बिशप. थोबाड जन्मापासून गंभीर, आता उठून प्रवचन देईल असं, म्हणून हे नाव पडलं. आई पाद्रीबाबांच्या बग्गीची घोडी. मोठं घराणं. बापाचा विषय आमच्यात काढत नाहीत. शिक्षण म्हणाल तर शाळेपर्यंत जाऊन आलोय. कुंपणावरून मान आत घातली, मास्तरांचा कोबी खाल्ला आणि परत फिरलो. तेवढ्यावर आजवर निभावलं.

ईनॉक पेडलीनं मला जत्रेत विकत घेतलं. गेला होता घोडा घ्यायला, परवडलो मी. त्याची बोट 'लॅपविंग', म्हणजे आपली टिटवी. बोट लांबलचक आणि अरुंद, पुढे सगळा कोळसा आणि मागच्या टोकाला एक खोली. खोली कसली, कपाटच ते! त्यात चूल, बिछाना, पितळी दांड्या, भिंतीवर लेस लावून टांगलेल्या ताटल्या आणि ईनॉकची बायको थर्झा. दारावर गुलाब आणि किल्ले रंगवलेले. या बोटवाल्यांचं मला नेहमी हसू येतं. बादलीवर किल्ला, डब्यावर किल्ला, आणि खऱ्या किल्ल्याच्या दारात यांना कुणी उभंसुद्धा करणार नाही. पण ऐट बघावी! काठावर विटांच्या घरात राहणाऱ्यांना हे 'काठवाले' म्हणणार, ते असं की जणू त्या बिचाऱ्यांना काही आजार झालाय.

थर्झा अशाच एका कपाटात जन्मली. तिची आईही. न हलणाऱ्या घरात तिला झोप लागत नाही. एकदा बहिणीकडे मुक्कामाला गेली, तर पहाटे अंगणातल्या हातगाडीत सापडली.

आमचं काम सोपं. कोळसा भरायचा, दोर माझ्या खांद्यावर, आणि काठच्या पायवाटेनं कागदाच्या गिरणीपर्यंत ओढत न्यायचा. मध्ये एक टेकडी आडवी येते. टेकडीच्या पोटातून बोगदा आहे, पण तो खोदणाऱ्यांनी काटकसर केली. आत पाणी मावलं, पायवाट बाहेरच राहून गेली. म्हणून बोगद्याच्या तोंडाशी मला सोडायचं. मी टेकडीवरून चालत पलीकडे जायचं आणि बोटीवरच्या माणसानं फळीवर उताणं पडून, भिंतीला पाय लावून, अंधारात चालत चालत बोट पुढे ढकलायची. चालायचं माणसानं, पुढे जायचं बोटीनं. मला हे फार आवडायचं. निदान तेवढ्या वाटेत तरी माणसाला खेचराचं काम कळतं.

आता हे काम करायचं कुणी? ईनॉकनं लग्नानंतर लगेचच सांगून टाकलं होतं, "थर्झा, माझी पाठ! उताणं पडलो की उठवत नाही." मग फळीवर थर्झा, आणि टेकडीवरून माझ्याबरोबर ईनॉक.

टेकडीच्या माथ्यावर एक पब आहे, 'थ्री मॅगपाईज'.

समजलं ना? तुम्ही हुशार आहात. थर्झाही हुशार आहे, पण ती बोगद्यात असायची.

पबची मालकीण डॉर्कस मला लांबून बघूनच पेला भरायची. ईनॉक बाकावर बसायचा, सावकाश प्यायचा, शेवटच्या घोटात पावाचा तुकडा बुडवून माझ्या तोंडात घालायचा, मग ढुंगणावर चापट मारून म्हणायचा, "चला महाराज, तोंड पुसा." मग आम्ही निघायचो. खाली थर्झा घामानं निथळत बोटीवर वाट बघत बसलेली.

"कुठं होतास रे इतका वेळ?"

"काय सांगू! खेचर हलेना."

बघितलंत? इतकी वर्षं दर फेरीला हेच. कालव्यावर माझं नाव झालं, सगळ्यात हट्टी जनावर म्हणून. मी काय बोलणार!

असं सगळं छान चाललं असताना कालव्याच्या कचेरीनं ठरवलं की आमचा फाटा बंद करायचा. गाळ साचलाय, शेवाळ वाढलंय, कुणी वापरत नाही, बुजवून वर रस्ता करू. बोटी सरपणाला विकायच्या आणि बोटवाल्यांना गावात विटांची घरं द्यायची. मला काय देणार ते कुणी बोललं नाही, पण चामडेवाला येऊन माझ्या पाठीवरून हात फिरवून गेला. फार प्रेमानं फिरवला.

थर्झा त्या दिवसापासून गाणं म्हणेनाशी झाली. सुकाणू धरून ती नेहमी चर्चमधली गाणी म्हणायची, बेसूर म्हणायची, पण मला त्याच तालावर चालायची सवय. आता नुसती पितळी दांड्या घासत बसायची.

तेव्हा मिस फॅन्शॉ आल्या. निवृत्त मास्तरीणबाई, सायकल, मोठी हॅट आणि आवाज पलीकडच्या गावाला पुरेल असा. त्यांनी 'कालवा बचाव मंडळ' काढलं. मंडळात कोण, तर दाताचा डॉक्टर, चर्चमधला ऑर्गनवाला, दोन चित्रकार बहिणी. सगळे काठवाले! पाण्यात पडले तर आधी टोपी वाचवतील. पण जिद्द मोठी. कचेरीत जाऊन बाई इतक्या बोलल्या की अखेर साहेब म्हणाले, "बरं, दाखवा. भरलेली बोट सकाळी निघून संध्याकाळी गिरणीचा भोंगा वाजायच्या आत धक्क्याला लागली, तर फाटा चालू आहे असं मी लिहून देतो. नाही लागली, तर नाही."

साहेबांचं नाव क्रम्प. त्या दिवशी स्वतःच आले, कोट, छत्री आणि घड्याळ घेऊन, आणि मिस फॅन्शॉंबरोबर आमच्याच बोटीवर चढले.

गाळानं सकाळीच आमचा दम काढला. 'लॅपविंग' दोनदा रुतली. बोगद्याच्या तोंडाशी आलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. ईनॉकनं माझा दोर सोडला आणि नेहमीसारखा टेकडीकडे वळला, तोच थर्झा काठावर उतरली.

"दे इकडे. आज खेचर मी नेते."

"तू?" ईनॉकचा चेहरा बघण्यासारखा झाला. "अगं, तुझं नाही ऐकायचं ते. वर गेलं की हलत नाही."

"म्हणूनच. तुला जमत नाही तर मला बघू दे. आज उशीर झाला तर घर जाईल, ईनॉक."

"पण माझी पाठ—"

"पाठीला सांग, आजचा दिवस. मिस फॅन्शॉ कंदील धरतील. पड उताणा!"

क्रम्पसाहेबांना अंधाराचं वावडं. ते म्हणाले, "मी थर्झाबाईंबरोबर वरून येतो. हवा खाईन."

निघालो आम्ही. वाटेत थर्झा माझ्याशी फार गोड बोलली. "बिशप, शहाणा ना तू? आज नाही थांबायचं हं." मी कान हलवले. मनापासून हलवले. पण पाय माझे थोडेच आहेत? पाय सवयीचे. 'थ्री मॅगपाईज'च्या दारात ते आपोआप थांबले.

आतून डॉर्कसचा आवाज आला, "आलास का रे ईनॉक? नेहमीचा भरलाय बघ!" आणि काठोकाठ पेला, वर पावाचा तुकडा, असं घेऊन ती बाहेर आली.

समोर थर्झा.



"नेहमीचा?" थर्झानं विचारलं.

डॉर्कसनं पेल्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "बाई गं, मला वाटलं तुला ठाऊक आहे."

क्रम्पसाहेब बाकावर ऐसपैस बसले. घड्याळ काढून गुडघ्यावर ठेवलं. "बसा, काही घाई नाही," असं म्हणून स्वतःसाठी एक पेला मागवला. साहेब कामावर होते, पण बिअर थंड होती.

थर्झानं मला ओढलं, ढकललं, शेपटी धरली, गाजर दाखवलं. गाजर मी खाल्लं, पण हललो नाही. साहेबांनी दुसरा पेला मागवला.

"ताई," डॉर्कस हळूच म्हणाली, "ते हट्ट नाही करत. वाट बघतंय. पेला संपायला हवा, मग पाव, मग चापट. त्याशिवाय त्याला निघायचं कळत नाही."

"मग ओत तो गटारात!"

ओतला. मी बघितलं आणि उभाच राहिलो. बाकावर बसून कुणी प्यायलं नाही तर पेला संपला असं कसं म्हणायचं? रीत ती रीत.

आता थर्झानं चर्चमध्ये शपथ घेतलेली होती, दारूचा थेंब ओठाला लावणार नाही म्हणून. ती खाली बोगद्याच्या दिशेला बघत राहिली. मग साहेबांच्या घड्याळाकडे. मग आकाशाकडे बघून म्हणाली, "देवा, तू जरा तिकडे बघ." आणि बाकावर साहेबांच्या शेजारी धपकन बसली. "भर गं!"

नाक दाबून घोट घेतला. दुसऱ्या घोटाला नाक सोडलं. तिसऱ्यानंतर पेल्याकडे निरखून बघितलं आणि म्हणाली, "हे असं लागतं होय? आणि मेला एकटा पीत होता!"

शेवटच्या घोटात पाव बुडवून माझ्या तोंडात घातला आणि अशी चापट मारली की ती एकट्या माझ्यासाठी नव्हती. मी सुटलो. मागून साहेब छत्री सावरत धावले.

खाली 'लॅपविंग' बाहेर येऊन थांबली होती. ईनॉक छपरावर उताणा पडून होता, पाय अजून हवेत चालत होते. मिस फॅन्शॉंच्या नाकाला काजळी.

"कुठं होतीस गं इतका वेळ?" ईनॉक कण्हला.

थर्झा त्याच्यावर वाकली. त्याला वास आला. त्याचे पाय थांबले.

"काय सांगू," ती म्हणाली. "खेचर हलेना."

वेळ गेला होता तो गेलाच होता. पण तिथे मंडळ वाट बघत उभं होतं, फलक आणि सँडविचं घेऊन. मिस फॅन्शॉ ओरडल्या, "फलक टाका, दोर धरा!" डॉक्टर, ऑर्गनवाला, चित्रकार बहिणी, सगळे माझ्या दोराला लागले. काय ओढत होते! मला हळूच कळलं की माझ्या खांद्यावर ओझंच नाही. मग मी कशाला जोर लावू? मान खाली घालून, धापा टाकत असल्यासारखं करत, मजेत चाललो. सुकाणूवर थर्झा मोठ्यानं गात होती. गाणं चर्चमधलं, चाल मॅगपाईजची. किती दिवसांनी ऐकलं! गिरणीची चिमणी दिसली, धक्का दिसला, 'लॅपविंग'चं नाक धक्क्याला टेकलं आणि भोंगा वाजला.

"नाकच लागलं," क्रम्पसाहेब म्हणाले. "शेपूट अजून मागे आहे."

"साहेब, तुम्ही घरी जाता तेव्हा पाठ मागाहून येते का?" थर्झानं विचारलं. मग जवळ जाऊन म्हणाली, "आणि बाकावर दोन पेले कुणी रिचवले, ते मिस फॅन्शॉंना सांगू का? त्यांचा आवाज ऐकलाय ना तुम्ही?"

साहेबांनी घड्याळ खिशात घातलं. "लागली म्हणतो मी. लागली."

असा हा कालवा. आता इथे कोळसा नाही, सुट्टीला येणाऱ्यांच्या रंगीत बोटी असतात. चालवणारे पाणी अडवायच्या दरवाज्यांत अडकतात, एकमेकांवर आदळतात, नवराबायको भांडतात. फार करमणूक होते. ईनॉक आणि थर्झा 'लॅपविंग'वरच राहतात, बोगद्याच्या तोंडाशी, आणि मी शेजारच्या कुरणात. रविवारी आम्ही तिघं टेकडी चढतो. डॉर्कस आता दोन पेले भरते. शपथेचं काय झालं, ते थर्झा आणि देव बघून घेतील.

तुम्हीही या. बोट नसली तर चालत या, पण येत राहा. माणसं यायची थांबली की कचेरीला लगेच रस्ते सुचतात. आणि येताना गाजर नको.

दरवर्षी मंडळाची जत्रा भरते. माझ्या कानांवर लोकरीच्या टोप्या चढवतात आणि मिस फॅन्शॉ कर्ण्याशिवाय भाषण करतात. यंदा म्हणाल्या, "हे पाहा, ज्यानं कालवा वाचवला ते जनावर! एका माणसाच्या चैनीपायी याला वर्षानुवर्षं हट्टी ठरवलं गेलं. मूक, निष्पाप जीव!" लोक हळहळले. एका बाईनं रुमाल काढला. ईनॉक बुटाकडे बघत बसला. मी पापण्या अर्ध्या मिटल्या, मान थोडी झुकवली. अशा वेळी थोबाड कामी येतं.

तेवढ्यात थर्झा पुढे आली आणि माझा कान धरून म्हणाली, "निष्पाप? मग इतकी वर्षं तो बिअरमधला पाव कुणी खाल्ला रे? तुझ्या गाढव बापानं?"