उपटलेला दरवाजा

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे. हिर्डोशीच्या रानातल्या ऐनाच्या लाकडाचा. भोरच्या पेठेत मानसिंगरावांनी मला त्यांच्या भाड्याच्या खोलीला बसवलं. तिथे चिमाजी आणि साळूबाई हे जोडपं घोंगड्या विणत बावीस वर्षं राहिलं. साळूबाई सणासुदीला मला तेल चोळायची, तेव्हा मी सुखावून जायचो.

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत एका व्यापाऱ्याने त्या खोलीला दुप्पट भाडं देऊ केलं. मानसिंगरावांनी साळूबाईला खोली सोडायला सांगितलं.

"धनी हातरुणाला खिळल्यात, मालक. येवढी थंडी सरू द्या."

"घर माझं. कुणाला ठेवायचं ते मी ठरवीन."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पहारीने मला बिजागऱ्यांसकट उपटलं. पौष महिना होता. साळूबाईने चौकटीला घोंगडी टांगली, पण वारा थांबेना. नवव्या दिवशी चिमाजी गेला. मी तेव्हा मालकांच्या गोठ्यात, म्हशींच्या पायाखाली पडलो होतो. तिथे मी राग धरायला शिकलो.

साळूबाई मात्र हलली नाही. उघड्या खोलीत तिने चार हिवाळे काढले. "भ्या न्हाई वाटत?" बायका विचारत.

"आता न्यायचं काय ऱ्हायलंय?"

पुढे स्वातंत्र्य आलं, भोरचं संस्थान गेलं, भाडेकरूला असं हुसकता येणार नाही असा कायदा आला. पेठेत वाद पेटला. घरवाले म्हणत, "आमच्याच घरात आम्ही परके झालो!" साळूबाई वादात पडली नाही. ती सरळ कचेरीत गेली. हुकूम निघाला: आठ दिवसांत दरवाजा होता तिथे बसवा.

मग तिने सुतारांना आणि हमालांना एकेक गाठून शब्द घेतला, की मालकांसाठी हा दरवाजा कुणी उचलायचा नाही. कुणीच मला हात लावेना. आठवा दिवस बाजाराचा होता. भरल्या पेठेतून मानसिंगराव मला पाठीवर घेऊन वाकून चालले. लोक हातातलं काम टाकून बघत होते. बसवताना मी मुद्दाम घसरलो आणि त्यांचं बोट चेचलं. मला जराही वाईट वाटलं नाही.

"झालं मनासारखं?" ते धापा टाकत म्हणाले. "आता तरी खोली सोड. माझी लेक विधवा होऊन आलीय. भावजया तिला घरात टिकू देत न्हाईत."

लेक मागेच उभी होती, कडेवर तान्हं घेऊन. साळूबाईने तिच्याकडे बघितलं.

"म्याबी विधवाच हाय, मालक. कुणामुळं, ते इचारा सवताला."

तिने मला लोटलं. त्या पोरीचा काही अपराध नव्हता, हे मला कळत होतं. तरी मी घट्ट मिटलो.

मित्रांनो, आम्हाला तेल घाला, वाळवीपासून जपा. पण कुणाचा आसरा उपटू नका. उपटलेला दरवाजा परत बसतो, पण मग तो निरपराधालाही आत घेत नाही.