मधला बोल्ट आधी

“मधला धरा आधी. कडेला काय जत्रा भरली का?”

तेलाच्या रिकाम्या डब्यावर बसल्या बसल्या आसराबाईने हाळी दिली, आणि बिभीषणचा पाना मुकाट मधल्या बोल्टवर आला. त्या बोल्टाशेजारी खडूने एकचा आकडा काढलेला होता. आकडा वाकडा होता, पण एकाचाच होता.

गाडीचे मालक तातेराव हसले. “वैनी, मेकॅनिक तुमी का आमचा भाऊ?”

“मेकॅनिक हेच. मी नुस्ता हॉर्न.”

अंकुशनगरला कारखान्याच्या रस्त्यावर बिभीषणचं पत्र्याचं शेड तीस वर्षं उभं होतं. इंजिनात हवा नेणारा ॲल्युमिनियमचा मॅनिफोल्ड बसवावा तो त्यानेच. आठ बोल्ट, पण आवळण्याचा क्रम चुकला की एक कड दबते, दुसरी उचलते, आणि इंजिन साप शिरल्यासारखं फुसफुसतं. बिभीषणच्या हातची गाडी कधी फुसफुसली नव्हती.

मागच्या वर्षी तो डिझेलने तोंड धुवायला निघाला. जालन्याच्या डॉक्टरने सांगितलं, विसरणं वाढत जाईल. आसराबाईने तो कागद ज्वारीच्या कणगीत खुपसला आणि कुणाला म्हणजे कुणाला सांगितलं नाही. घरी बसवलेला माणूस भिंतीसारखा होतो, हे तिने सासऱ्याचं पाहिलं होतं. दुसऱ्या दिवसापासून ती जेवणाचा डबा घेऊन शेडात येऊन बसू लागली. शाळा दुसरीपर्यंत झालेली, पण आठ आकडे काढायला तेवढी पुरली.

रामेश्वर, तिचा मुलगा, जालन्याहून सामान घेऊन आला तेव्हा दुसरा बोल्ट चालू होता. तो वाकला, बघत राहिला.

“माय, हे काय?”

“धूळ हाय.”

“धूळ एकपासून आठपर्यंत मोजती का?” त्याने आवाज खाली आणला. “आबाला आठवत न्हाई ना? बिलकुल आठवत न्हाई. तू पढवून राह्यली त्यांना.”

तातेराव ऐकत होते. नसते ऐकत, तर आसराबाई कदाचित नमली असती. चारचौघांत नमणं तिच्या हाडात नव्हतं.

“पढवायला ते काय पोपट हायेत? तुझ्या जन्माआधीपासून ह्या हातानं इंजनं बांधली. हातच्या कांकणाला आरसा कशाला? पूस ते आकडे. मी बी तोंडाला कुलूप लावते.”

“बिघडलं तर उद्यापासून आबा घरी बसतील.”

“आन बराबर झालं तर तू पुन्हा तोंड उघडायचं न्हाई.”

रामेश्वरने फडक्याने आकडे पुसले. आवळलेले दोन्ही बोल्ट सैल केले आणि बाजूला झाला.

बिभीषणने आठही बोल्ट आधी नुसत्या बोटांनी फिरवून बसवले. बराबर. आसराबाईचा श्वास मोकळा झाला. मग त्याने पाना उचलला, थोडा घुटमळला, आणि अगदी डाव्या कडेचा बोल्ट धरला.

एक शब्द पुरला असता. तो तिच्या जिभेवर आला होता. पण तोंडाला कुलूप तिने स्वतःच लावलेलं, ते पोरासमोर आणि परक्यासमोर कसं काढावं? तिने पदर दातात धरला. बिभीषणने तो बोल्ट होता नव्हता तेवढा जोर लावून आवळला. मग उजव्या कडेला गेला आणि तिथेही तसाच जोर लावला.

टक.

सुपारी फुटावी एवढाच आवाज. मॅनिफोल्डचा, बोल्ट बसतो तो कान तुटून खाली पडला होता.

बिभीषणने हात पुसले. “झालं. मारा स्टार्टर.”

रामेश्वर जिंकला होता, पण त्याचा चेहरा लहानपणी मार खाल्ल्यावर व्हायचा तसा झाला. “आबा…” एवढंच तो म्हणाला.

आसराबाई ताडकन उठली. “माझ्यामुळं झालं. मीच खुणावलं त्यास्नी, कडेचा धरा म्हून.”

हे खोटं आहे हे तातेरावांनाही कळलं. एकाच माणसाला ते खरं वाटलं.

बिभीषण वळला. जन्मभर तिला आसरे म्हणून हाक मारणाऱ्या त्या माणसाने तिला खालून वरपर्यंत न्याहाळलं.

“बाई, कळत न्हाई तर कशाला बोलता वो? मधनं सुरू करायचं असतंय. दोन मधले, मंग ह्या अंगाचा, मंग त्या अंगाचा. एका दमात न्हाई, तीन फेऱ्यात. घोंगडीला खळ लावतेत तसं. मधनं कडंला हात न्यायचा, न्हाई तर चुणी पडती.”

शब्द एकदाही अडखळले नाहीत. रामेश्वर बापाच्या तोंडाकडे बघतच राहिला.

आसराबाईने पदर सावरला. “कुणी शिकवलं तुमाला?”

“आमच्या मंडळीनं. माझं पहिलं इंजन फुसफुस करून राह्यलं व्हतं, तवा ती म्हणली, घोंगडीवानी करा की.”

“शहाणी असंल.”

“लई. पण…” त्याने इकडेतिकडे बघितलं, ती कुठे ऐकत तर नाही ना म्हणून. “तोंड फाटकं हाय तिचं. तुमी सांगू नका तिला.”

“न्हाई सांगत.”

त्याने पाना तिच्या हातात दिला आणि तिची बोटं आपल्या काळ्या हाताने मधल्या बोल्टावर नेली. “धरा. शिकून घ्या.”

मॅनिफोल्ड तर कामातून गेला होता. ते सांगायला रामेश्वरने तोंड उघडलं, पण आसराबाईने त्याच्याकडे बघितलं आणि ते मिटलं.

“हळू. आता पलीकडचा. हळू म्हणलं ना, बाई.”

“चुकलं,” आसराबाई म्हणाली. हा शब्द तिच्या तोंडून रामेश्वरने जन्मात ऐकला नव्हता.

बोल्ट फिरत राहिले. बिभीषण खुशीत आला. “तुमचं माहेर कुठलं?”

“केदारखेडा.”

“असं? आमची मंडळी बी तिथलीच. मंग वळखत असाल तुमी तिला.”

आसराबाईने पाना पुढच्या बोल्टावर बसवला.

“लांबनं पाह्यलंय,” ती म्हणाली.